पिठाचे पाणी आणि दुधाचे नाव

कोजागरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर एकच मोठे पातेले चढायचे, त्यातले आटीव दूध चंद्राला दाखवले जायचे आणि सगळी बिऱ्हाडे ते एकाच ओगराळ्याने वाटून घ्यायची, ही काही फार जुनी गोष्ट नाही. आज त्याच गच्चीसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या कार्यकर्त्याला आधी यादी करावी लागते. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची साय डॉक्टरांनी बंद केली आहे. त्यांना डबल टोण्ड हवे. दुसऱ्या मजल्यावर काचेच्या बाटलीतून देशी गायीचे ए-टू दूध येते. त्यांना पिशवीचे चालत नाही. तिसऱ्यावरच्या चिरंजीवांनी अमेरिकेहून परतल्यापासून प्राण्याचे दूधच सोडले आहे. ते आपला ओटचा खोका घेऊन येणार. चौथ्यावरच्या सूनबाईंना दूध पचत नाही, पण तसे सांगायला त्यांना संकोच वाटतो. आणि तळमजल्यावरच्या कोल्हापूरकरांचे ठाम मत असे, की म्हशीच्या दुधावाचून जे आटवतात त्याला कोजागरीचे दूध म्हणूच नये. यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. रागावण्यासारखे मात्र काही नाही.

आवड ही ज्याची त्याची असते आणि दुधाच्या बाबतीत ती आपल्याकडे नेहमीच बहुविध राहिली आहे. चरकसंहितेत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, उंटीण, घोडी, हत्तीण आणि मानवी स्त्री अशा आठांच्या दुधाचा विचार केला आहे आणि प्रत्येकाचे गुण वेगळे सांगितले आहेत. ज्याला झोप लागत नाही त्याला म्हशीचे दूध, असा तो विवेक आहे. सर्वांना एकच दूध श्रेष्ठ, असा हट्ट तिथे नाही. महाराष्ट्रातही कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून पेला हातात देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. तालमीतल्या मल्लांची ती खुराकाची जागा. (न तापवलेल्या दुधातून रोगजंतू येऊ शकतात, हे आजच्या वैद्यकाचे सांगणे त्या कट्ट्यावर फारसे कोणी मनावर घेत नाही, ही गोष्ट वेगळी.) कोकणात मुळात दुभते कमी, तिथल्या स्वयंपाकघराने नारळ खवून, वाटून, पिळून त्याचा रस काढला आणि सोलकढीपासून मोदकाबरोबरच्या गुळवणीपर्यंत सगळा संसार त्यावर निभावला. देशावर दूध म्हणजे आधी दही, मग ताक, लोणी आणि तूप. नुसते दूध पिणे हे बाळाचे, बाळंतिणीचे आणि आजाऱ्याचे.

तेव्हा प्रश्न आवडीचा नाहीच. प्रश्न नावाचा आहे, आणि त्यासाठी महाभारतातील एक प्रसंग आठवावा लागतो.

आदिपर्वात द्रोणाचार्य आपली हकीकत भीष्मांना सांगतात. धनिकांची मुले दूध पिताना पाहून लहानग्या अश्वत्थाम्याने दुधासाठी आकांत मांडला. द्रोणांनी दानात गाय मिळावी म्हणून गावोगाव पायपीट केली. गाय मिळाली नाही. इकडे खेळगड्यांनी पीठ पाण्यात कालवून त्याला ते दूध म्हणून पाजले आणि ते पोर दूध प्यायल्याच्या आनंदात नाचू लागले. भोवतालचे लोक हसले. ज्या बापाचे मूल पिठाच्या पाण्याला दूध समजून नाचते, त्याच्या दारिद्र्याला ते हसत होते. पुढे द्रोण द्रुपदाच्या दारी गेले, अपमानित होऊन परतले, आणि त्यानंतर काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. या कथेत पिठाचा काहीच दोष नाही. पीठ पौष्टिकच असते. दोष आहे तो नाव बदलून ते पेल्यात घालण्याचा आणि ज्याला फरक कळत नाही त्याच्या अज्ञानावर करमणूक करून घेण्याचा.

आज शहरी बाजारात नेमके हे घडते आहे, आणि ते एकाच बाजूने घडत नाही.

प्रथम वनस्पतिजन्य पेयांकडे पाहू. सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून केलेले पेय चीनमध्ये फार पूर्वीपासून आहे. प्रथिनांच्या बाबतीत ते दुधाच्या बरेच जवळ येते, शंभर मिलिलिटरमागे सुमारे तीन ग्रॅम. गायीच्या दुधात ती साधारण सव्वातीन ग्रॅम असतात, म्हशीच्या दुधात त्याहून अधिक. ओटचे पेय हे अगदी अलीकडचे. स्वीडनमधील लुंड येथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिकार्ड ओस्टे यांच्या संशोधनातून ते आले. त्यात प्रथिने ग्रॅमभर, आणि ओटमधील पिठूळ पदार्थाचे विकरांनी साखरेत रूपांतर झाल्याने त्याला अंगची गोडी. बदामाचे म्हणून जे खोके मिळतात त्यांत बदाम थोडे आणि पाणी फार. प्रथिने बहुधा अर्ध्या-एक ग्रॅमच्या आसपास. कॅल्शियम असते ते वरून मिसळलेले आणि तळाशी बसणारे, म्हणून खोका हलवून ओतायचा. घरी चार बदाम उगाळून दुधात घालणाऱ्या आजीला हे गणित ऐकवले, तर ती काय म्हणेल याची कल्पना करता येते.

याचा अर्थ ही पेये निरुपयोगी आहेत असा नव्हे. कित्येकांना दूध खरोखरच पचत नाही. बालपण सरल्यावर दुधातील साखर पचवणारे विकर शरीरात कमी होत जाणे हीच जगातील बहुसंख्य माणसांची प्रकृती आहे. मोठेपणी ते टिकून राहणे हा अपवाद. भारतीयांवरील जो आनुवंशिक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ही क्षमता वायव्येकडे अधिक आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे जाताना घटत गेलेली आढळली. पंजाबातला गडी लोटाभर दूध रिचवतो आणि पूर्वेकडच्या माणसाचे पोट पेलाभराने फुगते, यात कोणाचे शौर्य नाही आणि कोणाचा कमीपणाही नाही. चौथ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी संकोच सोडावा. त्यांच्या आजेसासूबाईंच्या घरात कदाचित यावरचा उपाय चालतच होता: विरजण लावले की दुधातली बरीच साखर जिवाणू खाऊन टाकतात, आणि ताक बहुतेकांना सोसते.

पण ज्या आईने केवळ फॅशन म्हणून आपल्या तान्ह्या बाळाला बदामाचे पेय 'दूध' समजून पाजायला घेतले, तिची गोष्ट निराळी आहे. बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आतल्या बाळाला अशी पेये मुख्य आहार म्हणून देऊ नयेत असे बजावतात. खरे तर त्या वयात गायी-म्हशीचे दूधही मुख्य आहार म्हणून नको, आईचेच हवे. दूध या शब्दावर माणसाचा शतकानुशतकांचा विश्वास आहे. त्या शब्दाबरोबर एक पोषणाचे आश्वासन न सांगता येते. म्हणून युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये निर्णय दिला, की निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थ दूध, लोणी, चीज या नावांनी विकता येणार नाहीत. भारतातील अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना अशी नावे हटवण्यास सांगितले. दोन्हीकडे नारळाच्या दुधासारख्या रूढ नावांना मात्र सूट आहे. अमेरिकेने उलट मार्ग धरला. तेथील अन्न व औषध प्रशासनाच्या २०२३ च्या मसुद्यात सोया वा ओटपुढे 'मिल्क' लावण्यास मुभा आहे, फक्त पोषणातला फरक सांगावा एवढीच अपेक्षा. मराठीपुढे हा पेच नाही. आपल्याकडे नारळाचा रस हा शब्द नारळाच्या दुधाइतकाच रूढ आहे. सोयारस, ओटपेय म्हणायला जीभ अडखळण्याचे कारण नाही.

करांच्या बाबतीत या पेयांना अलीकडे न्याय मिळाला आहे. २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत सोयापेयावर १२ आणि इतर वनस्पतिजन्य पेयांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. तो आता ५ टक्के आहे. ज्याला गरज आहे त्याला ते स्वस्त मिळावे, यात वावगे काही नाही.

दूध घेणे हीच हिंसा आहे, असे मानणाऱ्यांचा एक वर्ग आहे. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी 'व्हीगन' हा शब्द घडवला. आज पुण्या-मुंबईतल्या तरुणांत तो पोचला आहे. २०२१ मध्ये प्राणिहक्कांसाठी काम करणाऱ्या 'पेटा'ने अमूलला वनस्पतिजन्य पेयांकडे वळण्याचा सल्ला दिला, तेव्हा अमूलचे तत्कालीन प्रमुख आर. एस. सोधी यांनी देशातल्या दहा कोटी दूध उत्पादकांच्या पोटापाण्याचे काय, असा प्रतिप्रश्न केला. तो बिनतोड होता. ज्यांना एकरभर कोरडवाहू जमीन आहे किंवा तीही नाही, त्यांच्या घरात दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार हाच खात्रीचा पैसा असतो, आणि बहुधा तो घरच्या बाईच्या कष्टांचा असतो.

तथापि, बिनतोड उत्तर दिले म्हणून प्रश्न संपत नाही. वासराचे काय, हा प्रश्न परका नाही. वसुबारसेला आपल्या अनेक घरांत गायीचे दूध आणि त्याचे पदार्थ वर्ज्य असतात. त्या दिवशी ते वासराचे. आपल्या पूर्वजांनी दुधावर पहिला हक्क कोणाचा हे विसरू नये म्हणून वर्षातला एक दिवस राखून ठेवला. आज गोठ्यांत गोऱ्ह्याची आणि म्हशीच्या नर पारडाची जी आबाळ होते ती कोणीही शेतकरी खासगीत नाकारत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला काम उरले नाही. पारडाला तर पूर्वीही ते कमीच होते. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशहत्येवर बंदी आहे. ती योग्यच आहे, पण भाकड गाय आणि निरुपयोगी ठरलेला गोऱ्हा यांचा वर्षानुवर्षांचा चारा कोणाच्या खिशातून यायचा, हे सांगण्याची जबाबदारी बंदीचे स्वागत करणाऱ्यांवर अधिक येते. ती झटकून तरुणांना पाश्चात्त्यांचे अनुकरण केल्याबद्दल नावे ठेवणे सोपे आहे.

आता आपल्याच घरात डोकावू. कारण पिठाचे पाणी फक्त परदेशी खोक्यांतून येते असे नाही.

गेल्या काही वर्षांत 'ए-टू' ही अक्षरे मध्यमवर्गीय घरांत मंत्रासारखी उच्चारली जातात. दुधातील बीटा-केसिन या प्रथिनाच्या साखळीत ६७ व्या जागी प्रोलिन असेल तर ते ए-टू, हिस्टिडिन असेल तर ए-वन, भेद एवढाच. २००० मध्ये न्यूझीलंडमध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीने त्यावर व्यापार उभारला आणि ए-वन दुधाने मधुमेह, हृदयविकार होतात अशी चर्चा जगभर पसरली. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून असा कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. काही छोट्या चाचण्यांत ए-टू दुधाने पोटाच्या तक्रारी कमी झाल्याचे दिसले, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी वेष्टनांवरील ए-वन, ए-टूचे दावे काढण्यास सांगितले आणि पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. ग्राहक होता तिथेच राहिला.

एक गोष्ट मात्र या गोंधळात कोणी मोठ्याने सांगत नाही. म्हशीचे दूध जवळपास सगळेच ए-टू आहे. म्हणजे ज्या गुणासाठी दुसऱ्या मजल्यावरचे कुटुंब लिटरला शंभर रुपयांहून अधिक मोजते, तो गुण तळमजल्यावरच्या कोल्हापूरकरांच्या पातेल्यात कधीचा आहे आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही! गाय पुजावी आणि दूध म्हशीचे प्यावे, ही मराठी माणसाची जुनी विसंगती विज्ञानाने अशी सावरून घ्यावी, यात गंमत आहे.

देशी गायीविषयीचे प्रेम असल्या अक्षरांवर उभे करण्याची गरज काय? खिलार ही माणदेशच्या उन्हातान्हात नांगर ओढणारी जात; तिच्याकडून बादलीभर दुधाची अपेक्षा करणे हाच तिच्यावर अन्याय. देवणी दूध आणि काम दोन्हीला, डांगी सह्याद्रीच्या मुसळधार पावसात टिकणारी, गवळाऊ वर्धा-नागपूरकडची, लाल कंधारी नांदेडची. उष्णता, गोचीड, चाऱ्याचा दुष्काळ सोसण्याची जी ताकद या जातींच्या रक्तात आहे, ती हवामान बिघडत चाललेल्या काळात राखून ठेवावी, हे कारण पुरेसे भक्कम आहे. राज्य शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला राज्यमाता-गोमाता हा दर्जा दिला आणि गोशाळांतील देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान योजले. गोशाळेबाहेरच्या शेतकऱ्याच्या दावणीला जी देशी गाय आहे, तिचा विचार यानंतर व्हायला हवा. जात टिकते ती दावणीला.

आणि ज्या संकरित गायीला आपल्यातले कित्येक जण सरसकट 'जर्सी' म्हणून नाक मुरडतात, तिची कथा ऐकण्यासारखी आहे. गांधीजींचे निष्ठावान अनुयायी मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला आधी गीर गायींची सेवा केली आणि मग १९६७ मध्ये 'बाएफ' संस्था स्थापून संकराचा कार्यक्रम शेतकऱ्याच्या दारात नेला. गोसेवकानेच हा निर्णय घेतला, कारण गरिबाच्या घरी दोन पैसे यावेत ही त्याची तळमळ होती. निर्णयाचे दोष आज दिसतात. उन्हाळ्यात धापा टाकणारी आणि आजाराला लवकर बळी पडणारी ती जनावरे सांभाळताना शेतकरी मेटाकुटीला येतो. पण २०२२-२३ मध्ये देशातील दुधाचा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वाटा संकरित आणि विदेशी गायींचा होता, म्हशींचा साधारण पंचेचाळीस टक्के, आणि देशी व गावठी गायींचा मिळून विसाच्या आसपास. सकाळच्या चहातले दूध कोणाचे, याचा हिशेब त्यात आला. ते पिऊन त्या गायीला विष म्हणणे शोभत नाही.

पाणी घातलेल्या दुधाविषयीही एक सांगायला हवे. मुंबईचे दूध आयुक्त राहिलेले दारा खुरोडी यांनी १९४० च्या दशकात म्हशीच्या सकस दुधात पाणी आणि स्निग्धांशविरहित दुधाची भुकटी मिसळून ते अधिक घरांना परवडेल असे केले आणि त्याला 'टोण्ड' हे नाव दिले. ती भेसळ नव्हती, कारण नाव खरे होते आणि दर कमी होता. आजही पिशवीवर तीन टक्के स्निग्धांश असेल तर टोण्ड, दीड असेल तर डबल टोण्ड, सहा असेल तर फुल क्रीम. भेसळीची भीती मोठी असली, तरी प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी आरोग्याला घातक भेसळ १२ नमुन्यांत निघाली. त्याहून कितीतरी अधिक नमुन्यांत सापडले ते बुरशी लागलेल्या पशुखाद्यातून दुधात उतरणारे अफ्लाटॉक्सिन. ते गोठ्यातल्या पेंडीपासून सुरू होते, आणि चांगली पेंड घ्यायला शेतकऱ्याच्या हातात पैसा लागतो.

तो पैसा किती, हे एकदा पाहावे. संकलन केंद्रावर गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या मोजपट्टीवर ठरतो. त्याखाली एकेका पॉइंटला कपात. २०१८ च्या जुलैमध्ये लिटरला पाच रुपये वाढवून मागत आंदोलकांनी मुंबईचे दूध अडवले होते. सहा वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, ठरले ते दूध संघांचे ३० रुपये आणि शासनाचे ५ रुपये अनुदान. ते अनुदान मिळायला गायीच्या कानात बिल्ला आणि त्याची संगणकावर नोंद हवी होती. लिटरभर ओटपेयासाठी दोन-अडीचशे रुपये आणि बाटलीतल्या ए-टूसाठी शंभरहून अधिक मोजणाऱ्या त्याच इमारतीत, पिशवीमागे दोन रुपये वाढले की महागाईची चर्चा आठवडाभर चालते. पुण्याच्या आसपासचे काही शेतकरी आता एकत्र येऊन, कोणत्या गोठ्यातले, कोणत्या जनावराचे आणि कोणत्या वेळेचे दूध आहे ते बाटलीवर लिहून थेट घरपोच रतीब घालतात. त्यांच्यापैकी म्हशीवाले फक्त 'म्हशीचे दूध' एवढेच लिहितात. ते खपतेही.